पप्पांची चाल अजून आली नाही

शाळेत पालकसभा असली की शेवटी एक कौन्सेलर मॅडम उभ्या राहतात आणि मोबाईलवर बोलतात, हे आता ठरूनच गेलंय. आम्ही शाळेत होतो तेव्हा निबंधाला 'दूरदर्शन : शाप की वरदान' यायचा, त्याच निबंधात फक्त वस्तू बदललीय, बाकी मुद्दे तेच, डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, घरात संवाद राहत नाही, समारोप. मग बाहेर येऊन स्कूटर काढता काढता आया एकमेकींना विचारतात, तुझा किती तास असतो गं? आणि सगळ्याजणी आकडा थोडा कमी करून सांगतात, वजन सांगतो तसा.

मला ह्या 'किती तास'चा मनापासून कंटाळा आलाय. तासांना काहीच अर्थ नाही असं नाही म्हणत मी, लहान बाळांच्या बाबतीत तर आहेच, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, त्याहून कमी असेल तर बरंच. पण ती बाळं. माझ्या घरात एक आठवीतला आहे आणि एक बारावीतली, आणि त्यांचे मित्रमैत्रिणी, भांडणं, क्लासच्या नोट्स, गाणी, गॉसिप आणि बाप, हे सगळं स्क्रीनमध्ये आहे. हो, बापसुद्धा. नवरा बोटीवर असतो.

गोव्यात हे कोणाला फोड करून सांगावं लागत नाही, प्रत्येक वाड्यावर एकतरी बोटीवरचा आणि एकतरी गल्फमधला असतोच. आमचा क्रूझवर आहे, किचनला लागणारं सामान सांभाळतो, स्टोअरमध्ये. महिनोन्महिने तिकडे, मग थोडे दिवस घरी, ते दिवस सरकारी कामं आणि कौलं शाकारण्यात जातात, की परत बॅग. त्यामुळे मुलांचा स्क्रीन टाइम कमी करा म्हणून कोणी सांगितलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, म्हणजे नक्की कोणाला कमी करू?

तर आठवीतला. तो माइनक्राफ्ट खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्या गेममध्ये सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं आहे, प्रत्येक ठोकळा एक मीटरचा, खणायचं, गोळा करायचं, बांधायचं. २०११ साली तो पूर्ण स्वरूपात आला, स्वीडनमधल्या एका छोट्या कंपनीचा होता, नंतर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला. मला गेम आवडत नाहीत, तेव्हाही नाही आणि आताही नाही, कोणी कॅंडी क्रश पाठवलं तरी मी उघडत नाही. पण मी बघत बसते. संध्याकाळी पतसंस्थेतून घरी आले की सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायला घेते आणि वाडगा घेऊन सरळ त्याच्या कॉम्प्युटरजवळ जमिनीवर बसते. तो 'आई, वास!' म्हणून ओरडतो, मी 'जेवताना येत नाही वास?' म्हणते, आणि मग दोघंही आपापल्या कामाला लागतो.

त्याने आणि त्याच्या मित्रांनी मंगेशीचं देऊळ बांधायला काढलं होतं. आम्ही फोंड्याचे, ती दीपमाळ आम्हाला पाठ, सात मजली, पांढरीशुभ्र, अष्टकोनी. आता गंमत अशी की चौकोनी ठोकळ्यांनी अष्टकोन करायचा कसा? तिरकी रेघ तिथे नाहीच. चार बाजू सरळ ठेवायच्या आणि मधले चार कोपरे पायऱ्या-पायऱ्यांनी कापत न्यायचे, लांबून बघितलं की डोळ्याला तिरकं वाटतं. पहिल्यांदा त्यांनी लहान केली तर ती पंचायतीच्या पाण्याच्या टाकीसारखी दिसायला लागली, कोपरे कापायला जागाच उरेना. मग शारजाहला गेलेला त्याचा एक वर्गमित्र म्हणाला की सगळंच दुप्पट करूया, दीपमाळ दुप्पट म्हणजे देऊळ दुप्पट, देऊळ दुप्पट म्हणजे तळी दुप्पट, आणि ह्यावर अर्धी कोंकणी, अर्धी हिंदी, उरलेलं इंग्लिश अशी जी काय भांडाभांडी झाली ती मी सुंगटं सोलत पूर्ण ऐकली. ग्रामपंचायतीची ग्रामसभा ह्यापेक्षा शांत असते.

पण खरी मजा रंगावरून झाली. पांढऱ्या भिंतीला त्यांना पांढरं काँक्रीट पाहिजे होतं. ते गेममध्ये असं बनतं, वाळू, खडी आणि पांढरा रंग मिसळून पावडर करायची आणि तिला पाणी लावलं की ती घट्ट होते, इथपर्यंत आजीलासुद्धा पटलं, कारण तिने घराचं काम उभं राहून करून घेतलेलं आहे. तिने सहज विचारलं, पांढरा रंग कुठून आणता रे? पोरगा म्हणाला, रात्री सांगाडे येतात ना, त्यांना मारायचं, त्यांची हाडं मिळतात, ती कुटून रंग होतो.

सासूबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. "कितें म्हण्टा तूं? देवळाक हाडां?"

तो समजावायला लागला की आजी हे गेम आहे, खरी हाडं नाहीत. आजी म्हणाली गेम आहे तर देऊळ कशाला बांधतोस, कॅसिनो बांध. हेडफोनमधून पलीकडच्या मुलांनीही हे ऐकलं आणि तिकडे एकदम शांतता झाली, कारण मुद्दा बिनतोड होता. मग त्यांनी शोधून काढलं की पांढरा रंग एका फुलापासून पण करता येतो, लिली ऑफ द व्हॅली, ते फुलं असलेल्या जंगलात सापडतं. पण थोडंथोडकं नाही ना लागत, दुप्पट झालेल्या देवळाला लागणार, त्यामुळे ही पोरं कितीतरी संध्याकाळी देवपूजेची फुलं काढायला निघाल्यासारखी गेममध्ये जंगलं पालथी घालत फिरत होती. आणि आजी रोज विचारायची, झाली का रे फुलं? तोपर्यंत तिचे त्याला रोजचे प्रश्न दोनच असायचे, जेवलास? आणि, अभ्यास झाला? दोन्हीचं उत्तर 'हो गो'. फुलांचं उत्तर मात्र अर्धा तास चालायचं, स्क्रीन दाखवून, नकाशासकट.

आपण मुलांना विचारतो काय? आज शाळेत काय झालं. काही नाही. मजा आली? हो. झालं, संवाद संपला, आणि मग आपण म्हणतो मोबाईलमुळे बोलत नाहीत. प्रश्न विचारायला समोरच्याच्या कामातलं थोडंतरी माहीत लागतं. नवऱ्याला मी 'बोटीवर काय झालं' असं विचारत नाही, 'बार्सिलोनाला लोडिंग वेळेवर आलं का' असं विचारते, म्हणून तो बोलतो. मुलाला हाडांऐवजी फुलं मिळाली का हे विचारायला गेम खेळता यावा लागत नाही, पण पाच-दहा मिनिटं खाली बसून बघावं लागतं, आणि बघताना 'डोळे किती खराब होतील' हे तोंडातून काढायचं नाही. हे दुसरं जास्त अवघड आहे.

आणि आणखी एक. त्या खोलीत त्याला जास्त कळतं आणि मला कमी. बाकी दिवसभर उलट असतं, गणित त्याला येत नाही, शर्ट तो उलटा घालतो, डबा विसरतो. आईला एखादी गोष्ट शिकवायला मिळाली की आठवीतल्या मुलाचा आवाजच बदलतो, तुम्ही ऐकून बघा.

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीन नावाच्या मुलाबद्दल वाचल्यापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला डुशेन नावाचा स्नायूंचा आजार होता, त्यात शरीर हळूहळू निकामी होत जातं. व्हीलचेअर, मग हाताची थोडी बोटं हलतात तेवढीच, आणि तो दिवसरात्र वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळायचा. आईवडील चांगले, सगळं करणारे, पण त्यांना एकच दुःख की आपल्या मुलाला मित्र नाहीत, कोणाच्या उपयोगी पडण्याचा आनंद नाही. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. तो ब्लॉग लिहायचा, त्याचा पासवर्ड घरच्यांकडे होता, वडिलांनी तिथे निधनाची बातमी टाकली आणि मग ईमेल यायला लागल्या. वेगवेगळ्या देशांतून, अनोळखी माणसांच्या, लांबलचक. गेममध्ये तो इबेलिन होता, एका मोठ्या ग्रुपमधला सगळ्यांचा जवळचा माणूस. एका आईने लिहिलं की तिच्या ऑटिझम असलेल्या मुलाला तिला जवळ घेता येत नव्हतं, मॅट्सनेच सुचवलं की तुम्ही दोघं गेममध्ये एकत्र खेळा, आणि तिथे त्या मुलाने पहिल्यांदा आईला मिठी मारली. अंत्यसंस्काराला त्या ग्रुपमधली माणसं परदेशातून आली होती, ज्यांना आईवडिलांनी कधी पाहिलंही नव्हतं.

ह्यात मला रडू येतं ते मॅट्स गेला म्हणून तर येतंच, पण जास्त येतं त्या वडिलांसाठी. ते काही निष्काळजी नव्हते हो. एकाच घरात राहत होते. मुलाकडे एवढी माणसं आहेत हे फक्त त्यांना दिसलं नाही, कारण ती दारातून येत नव्हती, त्यांच्यासाठी चहा टाकावा लागत नव्हता. तेव्हापासून शारजाहच्या त्या मुलाची मी चौकशी करते. त्याची परीक्षा कधी, त्याला तिकडे मराठी-कोंकणी बोलणारं कोणी मिळालं का. घरी येणाऱ्या मित्राची करते तशीच.

आता कोणी म्हणेल की बाई मुलांना मोकळंच सोडा म्हणताय. अजिबात नाही. आमच्या घरात रात्री सगळे फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार्जिंगला लागतात, माझाही, आणि आजीचाही, तिच्याकडून तो काढून घेणं सगळ्यात कठीण, कारण तिची कीर्तनं रात्रीच लागतात. गेममध्ये पैसे भरायचे असतील तर आधी मला विचारायचं, यूपीआयचा पिन कोणालाही माहीत नाही. डिस्कॉर्डवर, म्हणजे गेम खेळताना एकमेकांशी बोलायच्या ॲपवर, पोरगा तेराव्या वाढदिवसानंतरच गेला, तो त्यांचाच नियम आहे, आणि तिथे ज्याचा चेहरा आपल्याला माहीत नाही त्याच्याशी बोलायचं नाही. पैशांचे ऑनलाइन गेम सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंद केले ते बरं झालं, फक्त पणजीला पुलावरून जाताना मांडवीत झगमगणाऱ्या कॅसिनोच्या बोटी दाखवून पोरगा विचारतो 'मग हे?' तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला बंदी केली, ही बातमीही मला त्यानेच सांगितली, दंड कंपन्यांना होणार आहे, मुलांना नाही, हे पण. तेवढं मला पटलं. कंपन्यांना धरायलाच पाहिजे.

कारण रील ही वेगळी जात आहे. माइनक्राफ्टमध्ये तासभर घालवला तर तासाच्या शेवटी एक भिंत तरी उभी असते आणि कोणीतरी 'मम्मी बोलावते, जातो' म्हणतंच. रीलला शेवटच नाही. ते मुद्दाम तसंच बनवलंय, पान संपत नाही, व्हिडिओ आपोआप पुढचा लागतो, थांबायची जागाच काढून टाकलीय. मी स्वतः बाथरूमला जायचं म्हणून उठले आणि उभ्याउभ्या तिथेच बघत राहिले असं होतं, माझं वय बघता. दोन्हीला मिळून 'स्क्रीन टाइम' म्हणून एकच आकडा काढला की त्या आकड्यातून काय कळणार?

आणि खरंच आजार असतो तो पण ओळखता यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, ती यादी २०२२ पासून लागू झाली. त्यात तासांचा आकडा दिलेला नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या वर गेम जाणं, नुकसान होतंय हे दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असणं, असं बघतात. शेजारी बसणाऱ्याला ह्यातला फरक लवकर कळतो, लॅपटॉपवर रिपोर्ट बघणाऱ्याला उशिरा. असं वाटलं तर डॉक्टरकडे जायचं, कौन्सेलर मॅडमच्या स्लाइडवर थांबायचं नाही.

बारावीतलीची गोष्ट वेगळी. तिच्याजवळ जाऊन सुंगटं सोलत बसले तर ती मला घराबाहेर काढेल. तिचं इन्स्टाग्राम प्रायव्हेट आहे, मी एका अकाउंटवर आहे, दुसरं आहे हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. तिथे मी नाही आणि मी मागितलंही नाही. आपल्या २०२३ च्या डेटा कायद्याप्रमाणे अठरा पूर्ण होईपर्यंत ती मूलच आहे, हे तिला सांगितलं तर म्हणाली, चार महिन्यांत मतदान करणार आहे मी. मी पण सतराव्या वर्षी वहीला कुलूप लावायची जागा शोधत होते, त्यामुळे गप्प बसले.

ती मला रील पाठवते. दुपारी कामावर असताना, काउंटरवर गर्दी असताना, टुंग टुंग टुंग. पहिल्यांदा मी नुसता अंगठा टाकायचे, तर तिने मला बसवून समजावलं की अंगठा म्हणजे 'कळलं, आता पुरे' असं होतं, आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिला की मी चिडलेय असं वाटतं. बरं बाई. आता मी जमेल तेव्हा एक ओळ तरी लिहिते. तर मध्यंतरी तिच्या रीलमध्ये सारखं एकच यायला लागलं, कुठल्यातरी मुलीची हॉस्टेलची खोली, पुण्यात पीजी कसा शोधायचा, इंडक्शनवर मॅगी कशी करायची, फर्ग्युसन रोडवरचा पाऊस. कुत्र्यामांजरांची रील बंदच. तोंडाने तिने एक शब्द काढला नव्हता, इथल्या कॉलेजचे फॉर्म आम्ही टेबलावर काढून ठेवले होते.

एका रात्री, फोन ओट्यावर जायच्या आधी, मी माझ्या खोलीतून तिला तिच्या खोलीत मेसेज केला, तुला पुण्याला जायचंय का गं? दोन निळ्या टिका आल्या. टायपिंग दिसलं, थांबलं, परत दिसलं. मग आलं, 'पप्पांना परवडेल का?' मधे एक भिंत, तिच्यावर कॅलेंडर, आणि आम्ही दोघी टाइप करतोय. फी, पीजीचं भाडं, कुठली परीक्षा द्यावी लागते, आजीला कोण सांगणार, भीती वाटते का, हो वाटते, मला पण. फोन त्या रात्री ओट्यावर उशिरा गेले. मग ती पाणी प्यायला बाहेर आली, मी भांडी आवरत होते, ती म्हणाली उद्या डब्याला पोळ्या नको, पाव चालेल. पुण्याबद्दल एक अक्षर नाही. मला तिच्याकडे बघून विचारावंसं फार वाटलं, पण जे तिने लिहून सांगितलं होतं ते तोंडाने परत वदवून घेण्यात काय अर्थ होता.

लोक म्हणतात पावसात लाइट गेली की मुलं कशी बोलायला लागतात बघा. आमच्याकडे जूनमध्ये लाइट जातेच, आणि मुलं बोलतात हे खरं आहे, पण बोलतात काय तर सर्व्हर ऑफ झाला असेल, देवळात क्रीपर शिरला असेल. क्रीपर म्हणजे तो हिरवा, जवळ येऊन फुटतो. मेणबत्तीच्या उजेडात एवढंच.

चवथीला, म्हणजे गणपतीत, मात्र एक गोष्ट घडली ती सांगते. सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी सगळे जमतो, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला, रानातलं काय काय आणून बांधलेलं असतं, नागलकुडाची फळं, कांगलां, घोटिंगं, आणि आरतीला घुमट, मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य. वरच्या वाड्यावरचे लोक येतात, घुमट, शामेळ हा ढोल आणि कांसाळें म्हणजे झांजा, माटव (मांडव) हलतो अक्षरशः. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावायचे, वन्यजीव कायद्याने घोरपड मारायला बंदी असल्यामुळे आता बकरीचं लावतात, जुने वाजवणारे अजून त्यावर कुरकुरतात की तो नाद नाही. नवरा दर वर्षी बोटीवरून व्हिडिओ कॉल लावतो, फोन आम्ही तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवतो. आणि दर वर्षी तो म्हणतो की आवाज येत नाही, तुम्ही ओठ हलवताय तेवढं दिसतं, घुमट मधेच गायब होतं. आम्ही समजायचो की समुद्र आहे, नेट नाही.

ह्या वेळी पोरगा म्हणाला, नेटचा प्रॉब्लेमच नाही. कॉल करणारं ॲप माणसाचा आवाज ठेवतं आणि बाकीचा गोंगाट म्हणून कापून टाकतं, आणि घुमट-कांसाळें आणि त्यांत मिसळलेली आपली आरतीही त्याला गोंगाट वाटते. हे त्याला कसं माहीत, तर गेम खेळताना आजीचा मिक्सर मित्रांना ऐकू जाऊ नये म्हणून तो हेच सेटिंग चालू ठेवतो. मग त्याने बापाला डिस्कॉर्ड डाउनलोड करायला लावलं, नॉइज सप्रेशन बंद केलं, आवाजाचा अजून काय तो एक पर्याय होता तो काढला, फोन डब्यावरून उचलून माटवाच्या खांबाला सुतळीने बांधला, घुमटापासून जरा लांब, नाहीतर फाटतो म्हणाला. आरती सुरू झाली आणि स्क्रीनमध्ये नवऱ्याचा चेहरा असा झाला की मी तिकडे बघायचंच टाळलं. तो टाळ्या वाजवत होता, आमच्यापेक्षा एक सेकंद उशिरा, त्यामुळे प्रत्येक ओळीनंतर त्याची एक टाळी उरायची. 'घालीन लोटांगण'ला तर तो त्या एवढ्याशा केबिनमध्ये स्वतःभोवती फिरला आणि बंकला आपटला. मोठे दीर पोराला म्हणाले, हे शाळेत शिकवतात? तो म्हणाला नाही, हे तुम्ही बंद करायला सांगता त्यात शिकतात. दिरांनी ते ऐकू आलं नाही असं केलं.

माझे सासरेही बोटीवर होते. त्यांची पत्रं सासूबाईंनी ट्रंकेत ठेवलीत. जुन्या पत्रांचं कौतुक करायची फॅशन आहे म्हणून सांगते, मी ती वाचलीत, सगळ्यांत साधारण एकच मजकूर, मी खुशाल आहे, पैसे पाठवले आहेत, मुलांनी अभ्यास करावा, देवाक नारळ ठेवा. पोचायला कितीतरी आठवडे. माझा नवरा आपल्या बापाला खऱ्या अर्थाने ओळखायला लागला तो बाप रिटायर होऊन घरी आल्यावर, आणि तेव्हा दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नसे. हे तो स्वतःच सांगतो.

म्हणून असेल, पण मुलाशी बोलायला त्याने बुद्धिबळ धरलंय. लिचेस नावाची साइट आहे, फुकट, जाहिराती नाहीत, लोकांच्या देणग्यांवर चालते. तिथे एकेका चालीला काही दिवसांची मुदत ठेवून डाव मांडता येतो. हा सकाळी शाळेला जायच्या आधी चाल करतो, तो तिकडे शिफ्ट संपवून बंकवर पडला की करतो. एक डाव आठवडेच्या आठवडे चालतो. २०२२ पासून मोठ्या क्रूझवर स्टारलिंक यायला लागलं, त्याआधी नेटच्या प्रत्येक मिनिटाचे पैसे मोजावे लागायचे, तेव्हा हे जमलंच नसतं. खाली चॅट असतं, त्यात 'उंट सांभाळ', 'जेवलास?', 'घोडा कशाला नेलास तिकडे', 'आईला सांग पैसे टाकले'. सगळं मिसळून. ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, पुस्तकं बघितलेली चालतात, इंजिन, म्हणजे चाल सुचवणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, वापरलेलं चालत नाही, आणि दोघंही एकमेकांवर इंजिनचा संशय घेत असतात.

त्यातून पोराला बोटीचं वेळापत्रक पाठ झालंय. सकाळी दूध पिता पिता सांगतो, पप्पांची चाल अजून आली नाही, म्हणजे आज जुने पॅसेंजर उतरून नवे चढायचा दिवस, सामान भरायचं असणार. किंवा, लगेच लगेच चाली आल्या, पप्पांना झोप येत नाही वाटतं. मला फोनवर नवरा 'मजेत' एवढंच सांगतो. तो कसा आहे हे मला चालींवरून कळतं, तेही पोराच्या मार्फत.

२०२५ मध्ये बुद्धिबळाचा वर्ल्ड कप गोव्यातच झाला, ३१ ऑक्टोबर ते २७ नोव्हेंबर, हडफड्याला, दोनशे सहा खेळाडू. आमच्या घरापासून तासाभराचा रस्ता. मी हौसेने म्हटलं, चल, जाऊया बघायला, जगज्जेता गुकेश येतोय, असं परत कधी होणार? पोरगा म्हणाला, तिथे जाऊन काय करू, तिथे कॉमेंटरी नाही, कोण जिंकतंय ते दाखवणारी पट्टी नाही, आणि पप्पा पण नाहीत. म्हणजे वर्ल्ड कप हडफड्याला, माझा मुलगा फोंड्याला, बाप भूमध्य समुद्रात, आणि दोघं एकच लाइव्ह बघत एकमेकांना मेसेज करत होते. गुकेश तिसऱ्या फेरीतच हरला तेव्हा दोघांचंही तोंड एकदम पडलं, उझबेकिस्तानचा सिंदारोव जिंकला तोपर्यंत ते बघत होते. मला आत कुठेतरी वाटतंच की जायला हवं होतं, खरा खेळाडू खऱ्या खुर्चीत बघायला हवा होता. त्या दोघांना अजिबात वाटत नाही.

गेल्या सुट्टीत नवरा घरी आला. पहिले दोन दिवस तो आणि पोरगा एकमेकांभोवती पाहुण्यांसारखे फिरत होते, हे दर वेळी होतं, मी मधे पडत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये आले तर एक सोप्यावर, एक खाली चटईवर, दोघांच्या हातात फोन, दोघंही गप्प. डोकावले तर तोच डाव. बोटीवर सुरू झालेला. मी म्हटलं, अरे कपाटावर चांगला लाकडी पट आहे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला, तो काढा की, समोरासमोर आहात ना आता.

"नको," नवरा म्हणाला, "त्याचा वजीर अडकलाय ह्यात. नवीन डाव कशाला?"

"अडकलेला नाही, ट्रॅप आहे तो," चटईवरून आवाज आला. "पप्पा, तू चाल कर आधी."

"करतो. दोन दिवस आहेत अजून माझ्याकडे," तो म्हणाला, आणि पिशवी घेऊन मासळी बघायला बाजारात निघून गेला.